मातीचा सामू ८.३ आला, म्हणजे नक्की काय झालं?

मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासणीचं सरकारी कार्ड, हातात आली की आपण आधी नत्र-स्फुरद-पालाश बघतो, मग नजर खाली सरकते आणि "सामू" लिहिलेल्या ओळीवर अडकते. तिथे ८.२ नाहीतर ८.४ असं काहीतरी असतं, शेजारी "विम्लधर्मी" असा शब्द, आणि तिथून पुढे घोळ सुरू होतो. कृषी केंद्रात ते कार्ड दाखवलं की "सामू कमी करणारी" बाटली काउंटरवर येते, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण गंधक सांगतो, दुसरा जिप्सम, तिसरा ताक आणि गूळ, आणि चौथा म्हणतो हे सगळं रासायनिक खतांमुळे झालंय, बंद करा.

ही पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगढला सुरू झाली, १२ बाबी तपासून मिळतात, चांगली गोष्ट आहे. पण कार्डावर आकडा छापून मिळतो, त्याचं करायचं काय ते बहुतेकांना कोणी बसून सांगत नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: महाराष्ट्रातल्या बहुतांश काळ्या जमिनीत हा आकडा खाली आणायच्या मागे लागणं म्हणजे पैसे मातीत घालणं (अगदी शब्दशः). आकडा बघून पीक, रोप आणि खत द्यायची पद्धत बदलायची असते. का, ते आता जरा पायरीपायरीने बघू.

## सामू म्हणजे काय

सामू म्हणजेच पीएच. मातीतल्या पाण्यात हायड्रोजनचे भारित कण किती मोकळे फिरतायत त्याचं हे माप. कण जास्त तर माती आम्ल, कमी तर विम्ल. पट्टी ० ते १४, मधला ७ म्हणजे ना इकडे ना तिकडे. यात दोन गोष्टी गोंधळात टाकतात. एक, पट्टी उलटी आहे, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त. दुसरी जास्त महत्त्वाची, एक अंक म्हणजे दहापट फरक. म्हणजे ८.३ आणि ७.३ यात "फक्त एकाचा" फरक दिसतो पण तो दहापट असतो, आणि ८.३ वरून ६.३ वर यायचं तर शंभरपट. "८.३ वरून जरा ६.५ वर आणायचाय" असं कोणी सहज म्हणालं की मला म्हणूनच हसू येतं.

ही पट्टी १९०९ मध्ये सोरेन्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने काढली, तो कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचा. माती त्याच्या डोक्यातही नव्हती.

अंदाज यावा म्हणून काही आकडे देतो: लिंबाचा रस २ ते २.५ च्या दरम्यान, ताक साडेचारच्या आसपास, खाण्याचा सोडा पाण्यात घातला की साधारण ८.३, आणि चुन्याची निवळी १२ च्या वर. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो ना, ते विम्लपणामुळेच, हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं तेही याच कारणाने. (हळद वापरून माती तपासायचे व्हिडिओ फिरतात, ते सोडून द्या. हळदीचा रंग नेमका आपल्या मातीच्या आकड्यांच्या आसपासच डळमळतो, त्यामुळे त्यातून काही कळत नाही.)

शेतीच्या दृष्टीने साधारण ६.५ ते ७.५ हा पट्टा बहुतेक पिकांना सोयीचा. पण सोयीचा म्हणजे त्याच्या बाहेर पीक येतच नाही असं नाही, तसं असतं तर अर्धा महाराष्ट्र उपाशी राहिला असता.

## घाटावर विम्ल आणि कोकणात आम्ल, असं का

दख्खनचा काळा दगड, बसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. दगड झिजला की ते मोकळे होतात. आता ज्या भागात पाऊस ५००-७०० मिलिमीटर पडतो, म्हणजे सोलापूर, नगर, बीड, धाराशिवचा बराच भाग, तिथे ते धुऊन जात नाहीत, हवेतल्या आणि मुळांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून तिथेच चुनखडी होऊन बसतात. खोल नांगरट केली की पांढरे बोराएवढे खडे वर येतात, ते हेच.

सह्याद्री ओलांडून रत्नागिरीत या. दगड मूळचा तोच, पण पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या वर. एवढ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून समुद्राला मिळालं आणि मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणून तो जांभा लाल आणि तिथली माती आम्ल, सामू ५ ते ६.५ च्या घरात. थोडक्यात, हा फरक कोणाच्या शेती करण्याने पडलेला नाही, पावसाने पाडलाय, आणि त्याला लाखो वर्षं लागलीत.

आता एक कामाची गोष्ट. मातीत मोकळी चुनखडी असली की तिचा सामू आपोआप ८.२-८.३ च्या आसपास येऊन थांबतो, चुनखडी, पाणी आणि हवा यांचा तोल तिथेच बसतो. म्हणून कार्डावर ८.३ दिसला तर घाबरू नका, त्याचा अर्थ "इथे चुनखडी आहे" एवढाच. पण आकडा ८.५ च्या वर गेला, ८.८ झाला, ९ झाला, तर मात्र तो चुनखडीचा नाही, तिथे सोडियम शिरलाय अशी शंका घ्यायची. हे दोन आजार वेगळे आहेत, औषध वेगळं आहे. निम्मा पैसा इथेच वाया जातो कारण दोन्हीला एकच नाव देतात, "जमीन खारी झालीय".

## सामू जास्त असला तर पिकाचं काय बिघडतं

मुळांना आकड्याशी काही देणंघेणं नसतं. अडचण होते ती अन्न विरघळण्याची. लग्नात भटारखान्यात जिलब्यांची परात भरलेली आहे, पण वाढपी पंगतीत फिरकलाच नाही तर पानावर बसलेला उपाशीच राहणार, तसं हे आहे. इथे वाढपी म्हणजे मातीतलं पाणी. ते जेवढं विरघळवून आणेल तेवढंच मुळाला मिळतं.

लोहाचं उदाहरण घ्या. काळ्या मातीत लोह एकरी टनावारी असतं आणि पिकाला लागतं किलोच्या मापात. पण सामू एका अंकाने वाढला की मातीतल्या पाण्यात विरघळणारं लोह साधारण हजारपट कमी होतं. म्हणून लोहाच्या डोंगरावर उभं राहून पीक पिवळं पडतं. जस्ताचंही असंच, एवढं टोकाचं नाही पण आहे. स्फुरद घातला तर चुनखडी त्याला धरून ठेवते. युरिया वर फेकून ठेवला, माती ओली आणि ऊन कडक, तर त्यातला बराचसा नत्र अमोनिया होऊन उडून जातो, विम्ल मातीत हे जास्त होतं. युरिया मातीआड करा असं का सांगतात, ते यासाठी.

लोहाची कमतरता ओळखायला सोपी: कोवळी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर ते बहुधा नत्राचं. उसाच्या खोडव्यात, भुईमुगात असा पिवळेपणा आला की "केवडा पडला" म्हणतात. द्राक्षवाले केवडा म्हणतात तो बुरशीचा रोग, त्याचा याच्याशी संबंध नाही, दुकानात नुसतं "केवड्याचं औषध द्या" म्हणू नका.

आणि आता सोयाबीनची दरवर्षीची गोष्ट. जुलैमध्ये आठ-दहा दिवस झड लागते, रान चिबडतं, आणि मराठवाडा-विदर्भात रानंच्या रानं पिवळी दिसायला लागतात, ग्रुपवर फोटो येतात "काय मारू?" यात काय होतं तर माती पाण्याने भरली की मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ शकत नाही, तो पाण्यात आणि चुनखडीत मिसळून बायकार्बोनेट तयार होतं आणि ते मुळांना लोह वापरू देत नाही, शिवाय मुळांना हवा नसते ती वेगळीच. मग पाऊस उघडतो, वाफसा येतो, चार-सहा दिवसांत पीक आपसूक हिरवं व्हायला लागतं. मधल्या काळात ज्याने जे मारलं असेल त्याला श्रेय मिळतं. कोणी ह्युमिक मारलेलं असतं, कोणी १९:१९:१९, कोणी टॉनिक, आणि प्रत्येकजण शपथेवर सांगतो की त्याच्यामुळेच सुधारलं. शेजारच्या ज्या गड्याने काहीच मारलं नाही त्याचं रान पण हिरवं झालेलं असतं, पण तो फोटो टाकत नाही.

## मग गंधक टाकून सामू उतरवता येत नाही का

रसायनशास्त्राच्या पुस्तकात येतो. गंधक मातीत टाकला की जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि आम्ल चुनखडी खातं. एकदम बरोबर. पण हिशेब करू.

एक एकर, वरचा १५ सेंटिमीटरचा थर, त्याचं वजन साधारण ८०० टन भरतं. समजा तुमच्या रिपोर्टमध्ये मोकळी चुनखडी १० टक्के आलीय, आपल्याकडे ही काही फार अचाट गोष्ट नाही. म्हणजे ८० टन चुनखडी, फक्त वरच्या वीतभर थरात. एक टन चुनखडी संपवायला साधारण ३२० किलो गंधक लागतो. तर ८० टनांना सव्वीस टनाच्या आसपास, एकरी. एवढा टाकला तरी खालून मुळं जातात तिथली चुनखडी आहे तशीच.

आणि दुकानात काय मिळतं, ९० टक्के गंधकाची १० किलोची बॅग. त्यात शुद्ध गंधक ९ किलो, तो फार फार तर २८ किलो चुनखडी संपवेल. ८० टनांपैकी २८ किलो. मातीला पत्ताही लागत नाही. ८.३ होता, ८.३ च राहणार, आणि शेवटचा चुनखडीचा कण संपेपर्यंत राहणार.

"पण मी गंधक टाकला आणि पीक खरंच सुधारलं!" हो, सुधारू शकतं. गंधक हे स्वतः पिकाचं अन्न आहे, सोयाबीन, भुईमूग, कांदा यांना तो लागतो आणि आपल्या बऱ्याच जमिनीत तो कमी आहे. शिवाय ओळीत दिला तर त्या दाण्याभोवतीच्या चमचाभर मातीत थोडा वेळ आम्लपणा येतो, तेवढ्यात मुळाला थोडं लोह, स्फुरद मिळून जातं. म्हणजे गंधक वापरा, बिनधास्त वापरा, पण खत म्हणून.

बाटल्यांचं काय ते आता सांगायला नको. लिटरभर कुठलंही द्रव ८०० टन मातीचा सामू बदलत नाही. यात एक गफलत मुद्दाम सांगतो, फवारणीच्या टाकीत टाकायचे "पीएच बॅलन्सर" येतात, ते त्या २०० लिटर पाण्यापुरते असतात, बोअरचं पाणी विम्ल असेल तर काही कीटकनाशकं त्यात लवकर निकामी होतात म्हणून. ते ठीक आहे. तेच मातीला ड्रेंचिंग करून (म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओतून) "जमिनीचा सामू उतरतो" म्हणून विकलं जातं तेव्हा डब्यावर दिलेला डोस वाचा आणि वरचा हिशेब आठवा. ड्रिपमधून ॲसिड सोडतात तेही मुख्यतः नळ्यांत बसलेला क्षार काढायला, थेंब पडतो तिथल्या थोड्या ओल्या मातीत त्याचा तात्पुरता फायदा दिसतो, पण पुढच्या पाण्याला पुन्हा पहिल्यासारखं. (आणि ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.)

## जिप्सम टाकू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर "तुमची जमीन कुठली" यावर आहे.

चुनखडीची जमीन, सामू ८.३, निचरा बरा, तर जिप्समने सामू उतरत नाही. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि कॅल्शियम तर तिथे आधीच रग्गड पडलंय. गंधक मिळेल, बास.

क्षारपड जमीन, म्हणजे वर पांढरं मीठ फुटतं, कार्डावर क्षारता, म्हणजे विद्युत वाहकता, १ च्या वर चढत चाललीय. इथे औषध आहे चांगलं पाणी आणि पाण्याला बाहेर जायला वाट. मीठ धुऊन काढायचंय, त्यात आणखी काही टाकून ते कमी होणार नाही.

तिसरी चोपण. सामू ८.५ च्या वर, आणि मातीच्या कणांवरच्या जागांपैकी १५ टक्क्यांहून जास्त सोडियमने अडवलेल्या. ही ओळखायला रिपोर्टची गरज पण लागत नाही कधीकधी. ओली असताना पाय सरकतो, साबणासारखी बुळबुळीत, वाळली की दगड, नांगराला ढेकळं निघतात ती फोडायला घण पाहिजे. पाणी साचून राहतं, आणि ते निवळत नाही, कायम गढूळ. इथे जिप्सम खरं काम करतं, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकून त्याची जागा घेतं.

घरच्या घरी बघायचं असेल तर दोन काचेच्या बाटल्या घ्या, पावसाचं किंवा आरओचं पाणी भरा (बोअरचं नको, त्यातले क्षार निकाल बिघडवतात), मूठमूठ वाळलेली माती टाका, चांगली हलवा आणि एकीत चमचाभर जिप्सम टाकून परत हलवा. रात्रभर ठेवा. चोपण माती असेल तर सकाळी जिप्समवाल्या बाटलीत माती तळाला बसून वर पाणी निवळ दिसेल आणि दुसरीत चहासारखं गढूळ. दोन्ही सारख्याच निवळल्या तर जिप्समचे पैसे वाचवा. ही चाचणी अगदी प्रयोगशाळेच्या तोडीची नाही, किती टन टाकायचं ते ती सांगणार नाही, पण जिप्समची ट्रॉली मागवायच्या आधी एवढं बघायला काय हरकत आहे.

पण जिप्सम टाकून चर नसेल तर काही उपयोग नाही. हुसकलेला सोडियम मातीतून बाहेर गेला पाहिजे, नाहीतर तो तिथेच घुटमळतो आणि परत जागेवर बसतो. शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या क्षारपड रानांत, जमिनीखाली सच्छिद्र पाइप गाडून पाण्याला वाट काढून दिली तेव्हा पडीक रानात परत ऊस उभा राहिला, तिथे अवघड काम पाइपचंच होतं. अकोला-अमरावती-बुलडाण्याचा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा अजून वेगळा, तिथे क्षार मुळातच खाली मातीत आणि विहिरीच्या पाण्यात आहेत, ते पाणी दिलं की जमीन बिघडते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक पावसावर कापूस, तूर, हरभरा घेत आलेत. त्यांना मागास म्हणणाऱ्यांनी ते पाणी एकदा चाखून बघावं.

## हे सगळं रासायनिक खतांमुळे झालं ना?

बहुतांश नाही. ऐकायला बरं वाटत नाही पण क्षारपड आणि चोपण होण्याचं मुख्य कारण पाणी आहे. कालवा आला, पाणी स्वस्त झालं, ऊस आला, पाट मोडून दिला, खालचं पाणी वर आलं आणि येताना क्षार घेऊन आलं, पाणी उडालं, क्षार राहिले. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि त्या खोऱ्यात खारवट झालेल्या जमिनींवर पुण्याच्या शेती कॉलेजचे हॅरॉल्ड मान १९१० मध्ये लिहून मोकळे झाले होते. तेव्हा इथे युरियाचं पोतं कोणी पाहिलंही नव्हतं.

खरं तर नत्राची बरीचशी खतं, अमोनियम सल्फेट तर नक्कीच, माती आम्ल करतात, विम्ल नाही. जिथे चुनखडी नाही अशा भागात वर्षानुवर्षं ती वापरून सामू घसरलेला आहे. आपल्या काळ्या रानात चुनखडी तो आम्लपणा गिळून टाकते. खतं वाट्टेल तशी टाकायचे तोटे आहेतच, पण ८.३ चं खापर त्यांच्यावर फोडू नका.

## मग करायचं काय

पहिलं, पीक आणि रोप बघून लावा. डाळिंब, सीताफळ, बोर, चिंच, शेवगा, अंजीर यांना चुनखडी चालून जाते. संत्रा-मोसंबी नाजूक, लावायच्या आधी तीन फुटांपर्यंत माती तपासा, वर चुनखडी कमी आणि खाली भरमसाठ असं खूप वेळा असतं, आणि बाग पाच वर्षांची झाल्यावर ते कळून उपयोग नाही. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं रोप, कुठला तेही विचारा. द्राक्षात डॉगरिज खुंट आपल्याकडे रुजला तो अशाच अडचणींमुळे, क्षार आणि पाण्याचा ताण. खुंटावर घातलेले पैसे मला सगळ्यात पटतात, एकदाच द्यायचे आणि बागेच्या आयुष्यभर पुरतात.

दुसरं, पाणी कमी आणि निचरा जास्त. भुईमूग, सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर घेतलं की झडीत चिबडत नाही, पिवळेपणा कमी होतो, एकही बाटली न आणता.

तिसरं, शेणखत, कंपोस्ट, ताग-धैंचा गाडणं. यानेही सामू उतरत नाही! पण कुजताना तयार होणारे पदार्थ लोह-जस्ताला धरून विरघळलेलं ठेवतात, म्हणजे आकडा तोच राहून पिकाला मिळतं जास्त. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, नुसतं चुनखडीच्या रानात फेकलं तर काही दिवसांत गंज होऊन पडतं. तेच एकरी १० किलो, दहापट कुजलेल्या शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून मग दिलं तर टिकतं. आत्ता उभ्या पिकाला घाई असेल तर फवारणी: १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम हिराकस आणि १०-२० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ताजं करून, सकाळी नाहीतर संध्याकाळी, आठ-दहा दिवसांनी परत. भर उन्हात मारलं तर पानं करपतात.

चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून विरघळलेलं ठेवलेलं लोह, घेणार असाल तर डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. धरणारं रसायन ईडीटीए असेल तर ते स्वस्त असतं, फवारायला ठीक, पण चुनखडीच्या मातीत ते लोह सोडून देतं आणि कॅल्शियम पकडून बसतं. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए पाहिजे, ते ९ सामूपर्यंत टिकतं, पण महाग आहे, त्यामुळे फळबागेत परवडतं, सोयाबीनला नाही.

## कोकणात उलटा हिशेब

तिथे अडचण चुनखडी नसण्याची. सामू साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची टोकं खुंटतात. स्फुरदाला इथे लोह आणि ॲल्युमिनियम धरतात. म्हणून रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाच्या दगडाची भुकटी, कोकणात चालतं आणि घाटावर वर्षभर तसंच पडून राहतं, कारण ते विरघळायला आम्लपणा लागतो.

आंबा-काजूला हे जमतं. भाताची तर गंमत आहे, खाचरात पाणी तुंबवलं की दोन-तीन आठवड्यांत आम्ल मातीचा सामू आपोआप वर चढून ७ च्या जवळ येतो, त्यामुळे पावसाळ्यात भाताला चुना लागत नाही. भातानंतर त्याच खाचरात भुईमूग किंवा भाजी घेतली की पाणी उतरलेलं असतं, आम्लपणा परत आलेला असतो, तिथे चुना किंवा डोलोमाइटचा उपयोग होतो. आणि इथे तो खरंच होतो, आम्ल मातीचा सामू वाढवणं हे चुनखडीची माती उतरवण्यापेक्षा कितीतरी सोपं आणि स्वस्त. फक्त चुना आणि युरिया-अमोनियाची खतं एकत्र टाकू नका, नत्र उडून जातो. रोपवाटिकेसाठी राब, म्हणजे पालापाचोळा-फांद्या, जमिनीवर भाजतात त्यात तण आणि किडीचा बंदोबस्त होतोच, पण राखेने आम्लपणाही कमी होतो आणि पालाश मिळतं. (झाडं तोडून राब भाजण्याचं समर्थन करत नाहीये, ते आता परवडणारंही नाही.)

## गच्चीवरच्या कुंड्या

कढीपत्ता पिवळा, मोगरा पिवळा, अनंत तर कायमच रुसलेला. पुण्याच्या बाजूला बहुतेक वेळा बोअरचं जड पाणी हेच कारण, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल तर नक्कीच. त्यात आपण अंड्याची टरफलं घालतो, जी जवळजवळ शुद्ध चुनखडी आहे! आणि चुलीची राख, तीही विम्ल. म्हणजे आजाऱ्याला तेच परत चारायचं. चहाच्या चोथ्याने सामू उतरतो हाही गैरसमज, उकळून आम्ल चहातच निघून गेलेलं असतं आणि ते आपण पिऊन टाकलेलं असतं.

कुंडीत मात्र एक सोय आहे, माती आपल्या हातात असते. पाच-दहा किलो मातीत गंधकाचा, सायट्रिक ॲसिडचा हिशेब बसू शकतो, आणि नाहीच बसला तर माती सरळ बदलता येते, कोकोपीट आणि कंपोस्ट जास्त, काळी माती कमी. पावसाचं पाणी साठवून अनंताला द्या. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामू लागतो म्हणून आपल्याकडे ती कोकोपीटच्या पिशव्यांत लावतात, काळ्या रानात लावायचं स्वप्न बघू नका. हायड्रेंजियाची फुलं आम्ल मातीत निळी आणि विम्ल मातीत गुलाबी येतात, नर्सरीतून निळी बघून आणली आणि घरी गुलाबी झाली तर नर्सरीवाल्याशी भांडू नका.

## तपासणी करताना

ऑनलाइन मिळणारे दोन काट्यांचे, मातीत खुपसायचे स्वस्त मीटर घेऊ नका, ते कोरड्या मातीत एक आणि ओल्या मातीत दुसरं सांगतात. प्रयोगशाळेत एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन मीटर लावतात. दोन लॅबमध्ये ०.२-०.३ चा फरक येणारच, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. ८.१ आणि ८.४ चा अर्थ तुमच्यासाठी एकच आहे, ८.३ आणि ८.९ चा मात्र नाही.

नमुना नीट घ्या म्हणजे झालं. बांधाजवळचा, उकिरड्याजवळचा, झाडाखालचा, पाटाच्या तोंडाचा नको. इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा, त्याच्या कडेची माती, अशा आठ-दहा जागांची एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरेपर्यंत. खताच्या रिकाम्या पोत्यात भरू नका. आणि फॉर्म भरताना नेहमीच्या तपासणीबरोबर मोकळी चुनखडी पण तपासून मागा, पत्रिकेच्या १२ बाबींत ती नसते. लोहाचा आकडा ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भाग मातीत इतके भाग) आणि जस्ताचा ०.६ च्या खाली असेल तर ते कमी धरतात. खत टाकायच्या आधी, उन्हाळ्यात रान मोकळं असतं तेव्हा नमुना काढला की रिपोर्ट यायला पेरणीपर्यंत वेळ मिळतो.